बुधवारच्या दुपारी घडलेला वर्ग

पडद्यावर एखाद्या लहान मुलाचं काम आवडलं, की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: छे, हा अभिनय वाटतच नाही! ‘टिंग्या’तल्या पोराबद्दल ते म्हटलं गेलं, ‘फँड्री’तल्या जब्याबद्दल म्हटलं गेलं. दोन्ही मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी वाक्य काही बदललं नाही. कौतुक मनापासूनचं असतं, पण त्यात मुलाने केलेलं काम परस्पर पुसलं जातं. पोर नुसतं उभं राहिलं आणि कॅमेऱ्याने ते टिपलं, एवढाच त्याचा अर्थ उरतो. मोठ्या नटाबाबत आपण असं समाधान मानून घेत नाही. त्याने तयारी काय केली, भूमिका कशी उभी केली, हे आवर्जून विचारतो. शाळकरी मुलांना घेऊन केलेल्या चित्रपटांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांतला इतिहास पाहिला, तर हा प्रश्न मुलांबाबतही विचारायलाच हवा असं दिसतं. मुलांकडून काम काढून घेण्याच्या रीती या काळात बदलत गेल्या. त्यातली सर्वांत भरवशाची रीत म्हणजे चित्रीकरणाआधीची दीर्घ कार्यशाळा. ही काही स्टुडिओत जन्मलेली नाही. तिची मुळं शाळेच्या वर्गात आहेत. आणि तिचं मोल मुलं ‘नैसर्गिक’ दिसतात यातही नाही. आपण काय करतो आहोत हे तिथे मुलाला ठाऊक असतं, आणि म्हणून तेच त्याला दुसऱ्यांदा करता येतं, यात ते आहे.

उलट टोकापासून सुरुवात केलेली बरी. केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाचा ‘केस’ हा १९६९ सालचा चित्रपट बॅरी हाइन्स यांच्या आदल्याच वर्षी आलेल्या कादंबरीवर बेतलेला आहे. यॉर्कशरमधल्या बार्न्स्ली या कोळसाखाणींच्या गावातला बिली नावाचा मुलगा एक छोटा ससाणा पाळतो, त्याला शिकवतो, आणि शेवटी त्याचा थोरला भाऊ रागाच्या भरात तो मारून टाकतो, अशी ही गोष्ट. हाइन्स स्वतः त्या भागातले आणि पेशाने शिक्षक. चित्रीकरण तिथल्याच एका शाळेत झालं, आणि बिलीची भूमिका करणारा डेव्हिड ब्रॅडली त्याच शाळेचा विद्यार्थी होता. लोच यांची शिस्त अशी, की प्रसंग गोष्टीच्या क्रमाने चित्रित करायचे आणि पुढे काय होणार ते नटांना आधी कळू द्यायचं नाही. या चित्रपटात मुख्याध्यापकांच्या खोलीतला एक प्रसंग आहे. सिगारेटी ओढताना सापडलेली मुलं रांगेत उभी आहेत. एक चिमुरडा दुसऱ्या शिक्षकांचा निरोप घेऊन येतो, मोठी पोरं आपल्याकडच्या सिगारेटी त्याच्या खिशात कोंबतात, आणि मुख्याध्यापक त्याचं काही ऐकून न घेता त्यालाही रांगेत उभं करतात. छड्या बसतात त्या खऱ्या. त्या खरोखर बसणार आहेत हे मुलांना आधी सांगितलेलं नव्हतं. त्या चिमुरड्याच्या डोळ्यांत येणारं पाणी पाहून आजही पोटात कालवतं, आणि ते पाणी खरंच आहे. ससाणा मेल्याच्या प्रसंगाआधीही, आपण शिकवलेल्या पक्ष्यांपैकी एक खरोखर मारला गेला, अशी ब्रॅडलीची समजूत होऊ दिली गेली. प्रत्यक्षात पक्षी सुखरूप होते.

यावर कोणी म्हणेल की चित्रपट थोर ठरला ना, मग झालं. इंग्लंडच्या सरकारी शाळांत छडीवर बंदी आली ती १९८७ साली. म्हणजे त्या पोरांना छडी काही नवी नव्हती. ब्रॅडलीने तर पुढे नट म्हणूनच काम केलं. हे सगळं खरं आहे, आणि ‘केस’ हा इंग्रजी सिनेमातला उत्तम चित्रपट आहे याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. पण इथला मुद्दा मुलांवर अन्याय झाला की नाही एवढ्यापुरता नाही; तो कारागिरीचा आहे. पहिल्या फटक्याचा धक्का दुसऱ्यांदा बसत नाही. फसवून मिळवलेला भाव त्या एका टेकपुरता दिग्दर्शकाचा होतो. मुलाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही, कारण त्याने ते केलेलंच नसतं, त्याच्यावर ते घडलेलं असतं. कॅमेरा बिघडला, आवाज नीट आला नाही, तर पुन्हा नवी युक्ती शोधायची. आणि एकदा फसलेलं मूल दुसऱ्या खेपेला सावध होतं, हे घरात लहान मूल असलेल्या कोणालाही सांगायला नको.

या दोन टोकांच्या मधली एक पायरी ‘केस’च्या दहा वर्षं आधी फ्रान्समध्ये दिसली होती. फ्रान्स्वा त्रुफो यांनी ‘द फोर हंड्रेड ब्लोज’साठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मुलं बोलावली, आणि त्यांतून चौदा वर्षांचा झाँ-पिएर लेओ निवडला. आलेल्या इतर मुलांतल्या काहींना वर्गातले विद्यार्थी म्हणून घेतलं. या चित्रपटात सुधारगृहातली मानसतज्ज्ञ मुलाला प्रश्न विचारते. ती आपल्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. हा प्रसंग लिहिलेला नव्हता. त्रुफो यांनी स्वतः प्रश्न विचारले, लेओने आपल्या मनाने उत्तरं दिली, आणि मूळ प्रश्नांच्या जागी पुढे बाईचा आवाज घातला. इतर प्रसंगांतही संवाद स्वतःच्या शब्दांत बोलायची त्याला मुभा होती. इथे मूल फसवलं गेलेलं नाही. आपण एका पात्राच्या जागी बसून उत्तरं देतो आहोत हे लेओला पक्कं माहीत होतं. पण ही मुभा एका हुशार मुलापुरती आणि एका समजदार दिग्दर्शकाच्या मर्जीवर होती. वर्गभर मुलांना ती द्यायची, तर त्यासाठी काही पद्धत लागते. ती पद्धत त्या काळात सिनेमाकडे नव्हती, शाळेकडे होती.

इंग्लंडमध्ये शाळेच्या तासाला नाटक हे साधन म्हणून वापरण्याची चळवळ दुसऱ्या महायुद्धानंतर जोमाने वाढली. १९६५ साली कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने खास शाळांसाठी नटशिक्षकांचा पहिला ताफा उभा केला. पण या सगळ्यात एका बाईचं नाव वेगळं घ्यावं लागतं: डोरोथी हीथकोट. याही यॉर्कशरच्याच. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत मागावर कामाला लागल्या. पुढे नाटक शिकायला निघाल्या तेव्हा, जमलं नाही तर तुझे माग इथे आहेतच, असं गिरणीमालकाने सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७१ साली बीबीसीने त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाचं नावही त्यावरूनच पडलं. माग काही पुन्हा हातात घ्यावे लागले नाहीत. १९५० पासून त्यांनी न्यूकॅसलला शिक्षकांना घडवलं. त्यांची खरी देणगी म्हणजे शिक्षकानेच भूमिकेत शिरायचं ही युक्ती. मुलांना बाहेरून ‘आता रागव, आता रड’ असं सांगायचं नाही. शिक्षक स्वतः त्या कल्पित प्रसंगातलं एक पात्र होतो, प्रश्न विचारतो, अडचण उभी करतो, आणि मुलांना आतून उत्तर शोधायला लावतो. दिशा शिक्षकाकडे असते, शब्द मुलांचे. सूचना प्रसंगाबाहेरून येतच नाही, त्यामुळे मुलाला खेळ सोडून मोठ्यांच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

हा वारा भारतातही आला होता. दिल्लीत स्थायिक झालेले इंग्रज रंगकर्मी बॅरी जॉन यांनी १९७३ साली ‘थिएटर अॅक्शन ग्रुप’ सुरू केला. शाहरुख खान याच गटात उमेदवारी करत होता, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची शाळांसाठीची नाट्यशाखा १९८९ साली सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक बॅरी जॉन होते, हे मात्र फार कोणी सांगत नाही. मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’साठी मुंबईच्या रस्त्यावरची मुलं घ्यायची ठरवली, तेव्हा कार्यशाळा घ्यायला त्यांनी बोलावलं ते बॅरी जॉन यांनाच. सिनेमातला शिकवणारा न बोलावता मुलांबरोबर नाटक करणारा माणूस बोलावला, ही निवडच पुरेशी बोलकी आहे. सुरुवातीला सुमारे १३० मुलं आली, त्यांतून दोन डझन निवडली, आणि कित्येक आठवडे त्यांच्याबरोबर संगीत, नाच, अभिनय असं सगळं चाललं. ही मुलं शाळेत जाणारी नव्हती, पण त्यांची एक शाळा आधीच झालेली होती: हिंदी सिनेमा. सांगितल्याबरोबर ती पडद्यावरच्या नायकासारखी हातवारे करून, आवाज चढवून बोलू लागत. म्हणजे ‘नैसर्गिक’ समजली जाणारी मुलं पाठ केलेला अभिनय बरोबर घेऊनच आली होती. कार्यशाळेतला बराचसा वेळ हे अंगात मुरलेलं काढून टाकण्यात गेला. त्यांच्या बोलण्यातून आणि त्यांनी सांगितलेल्या हकिकतींतून सूनी तारापोरवाला यांच्या पटकथेतही भर पडत गेली. १९८८ साली कान महोत्सवात पदार्पणातल्या उत्तम चित्रपटाचा ‘कॅमेरा द’ऑर’ त्याला मिळाला.

पण या रीतीचा सर्वांत स्वच्छ नमुना पाहायचा तर पॅरिसच्या विसाव्या प्रभागात जायला हवं. फ्रान्स्वा बेगोदो हा माणूस पॅरिसमध्येच शाळेत फ्रेंच शिकवायचा. त्या अनुभवावरची त्याची ‘आँत्र ले म्युर’, म्हणजे ‘भिंतींच्या आत’, ही कादंबरी २००६ साली आली. दिग्दर्शक लोराँ काँते यांनी तिच्यावर चित्रपट करायचं ठरवलं, आणि शिक्षकाच्या भूमिकेत बेगोदोलाच उभं केलं. मुलांसाठी मात्र त्यांनी जाहिरात दिली नाही की चाचण्या घेतल्या नाहीत. कोलेज फ्राँस्वाज-दोल्तो या शाळेत त्यांनी २००६-०७ या शालेय वर्षात दर बुधवारी दुपारी कार्यशाळा ठेवली. फ्रान्समध्ये त्या वयाच्या मुलांना बुधवारी दुपारी सहसा शाळा नसते. तेरा ते पंधरा वर्षांच्या कोणीही यावं, नको वाटलं तर येऊ नये. सुरुवातीला पन्नासेक मुलं आली, हळूहळू निम्मी गळाली, आणि जी वर्षभर टिकली तोच चित्रपटातला वर्ग झाला. काँते यांनी मुलं पारखून निवडली असं म्हणण्यापेक्षा मुलांनीच काम निवडलं असं म्हणणं खरं ठरेल. शाळेतले काही खरे शिक्षकही त्यात आले, मुलांच्या पालकांनीही कामं केली.

चित्रीकरण २००७च्या उन्हाळी सुट्टीत झालं. खोलीत तीन कॅमेरे, तिन्ही एकाच बाजूला: डावीकडे शिक्षक, उजवीकडे मुलं, टेनिसचा सामना पाहावा तसं. एक कॅमेरा सतत शिक्षकावर, दुसरा त्या प्रसंगात जो मुलगा किंवा मुलगी मुख्य असेल तिच्यावर, आणि तिसरा भलतीकडेच, खुर्चीवर झुलणाऱ्या, शेजारणीशी कुजबुजणाऱ्या कोणावर तरी. पटकथा होती, पण ती मुलांच्या हाती दिली नव्हती. प्रसंग काय आहे, त्यात कोणाला काय हवं आहे, एवढं सांगितलं जायचं. कुठे पोहोचायचं ते बेगोदोला माहीत असायचं, आणि तो शिक्षकाच्या भूमिकेतच राहून वर्गाला तिकडे न्यायचा. हीथकोट यांनी न्यूकॅसलला जे शिकवलं, तेच इथे कॅमेऱ्यासमोर चाललं होतं. काँते यांनी ते त्यांच्याकडून घेतलं असं मला म्हणायचं नाही. वर्गात मुलांबरोबर नाटक उभं करायला बसलेला कोणीही बहुधा याच वाटेवर येतो, कारण या कामाची गरजच तशी आहे. २००८ साली या चित्रपटाला कानचं सर्वोच्च ‘पाम द’ऑर’ मिळालं. एकवीस वर्षांनी ते फ्रेंच चित्रपटाला मिळत होतं. पारितोषिक घ्यायला सगळा वर्ग मंचावर गेला होता.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप इथेच येतो. लोच यांनीही मुलांना पुढचं सांगितलं नाही आणि काँते यांनीही पटकथा दाखवली नाही, मग फरक तो काय? फरक सुलेमान या पात्रात दिसतो. वर्गात सतत खटके उडणारा, शेवटी शिस्त समितीपुढे जाऊन शाळेतून काढला जाणारा मालीच्या कुटुंबातला हा मुलगा. ज्या मुलाने ती भूमिका केली तो प्रत्यक्षात शांत, मवाळ स्वभावाचा होता. त्याने वर्षभराच्या बुधवारांत एक असा मुलगा रचला, जो तो स्वतः नव्हता. समितीपुढच्या प्रसंगात आईला फ्रेंच येत नाही. माझा मुलगा चांगला आहे, घरात मदत करतो, असं ती सांगते, आणि ते वाक्य फ्रेंचमध्ये सांगायची पाळी त्या मुलावरच येते. पडद्यावरची ती आई त्या मुलाची आई नाही. त्याच्या चेहऱ्यावर जी लाज आणि ताठा एकत्र दिसतो, तो त्याने केलेला आहे. कोणी त्याच्या आईला खरोखर समितीपुढे उभं करून तो मिळवलेला नाही. बार्न्स्लीच्या मुलांना आपल्यावर काय गुदरणार हे ठाऊक नव्हतं; पॅरिसच्या मुलांना समोरचा पुढचं वाक्य काय बोलेल तेवढंच ठाऊक नव्हतं. पहिल्यात मूल फसतं. दुसऱ्यात मूल खेळतं, आणि खेळात समोरच्याची चाल आधी ठाऊक नसायचीच. म्हणूनच तोच प्रसंग तीच मुलं पुन्हा उभा करू शकत होती, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत.

दुसरा आक्षेप शिक्षणाकडे पाहणाऱ्यांचा. फ्रान्समध्येच या चित्रपटातल्या शिक्षकावर भरपूर टीका झाली: तो वाद घालत बसतो, शिकवत नाही, मुलांची भाषा सुधारायची सोडून त्यांच्या पातळीवर उतरतो. चित्रपटातल्या शिक्षकापुरती ती रास्तही असेल. वर्गप्रतिनिधी मुलींना तो एका बेसावध क्षणी जो शब्द वापरतो आणि मग अंगणात त्याच मुली त्याला जो जाब विचारतात, त्यात तो हरतोच. पण ही टीका कार्यशाळेला लागू होत नाही. ज्या वर्षी पडद्यावरचा वर्ग काही शिकत नाही असं दिसतं, त्याच वर्षी ती खरी मुलं दर बुधवारी येऊन दुसऱ्याचं बोलणं ऐकायला, आपली बाजू मांडायला, आणि आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहायला शिकत होती. भाषेच्या तासाला याहून फार वेगळं काय अपेक्षित असतं, ते टीकाकारांनी सांगावं. हे सगळ्यांना परवडत नाही, या तिसऱ्या आक्षेपात मला फारसा दम दिसत नाही. रिकाम्या वर्गातल्या बुधवारच्या दुपारी फुकट नसतील, पण महागही नसतात. सिनेमात पैसा जातो तो चित्रीकरणाच्या दिवसांवर, आणि तयार मुलं असली की ते दिवस कमीच लागतात.

जो आक्षेप मला खोडता येत नाही तो वेगळाच आहे. कार्यशाळेत मुलं शब्द देतात, पात्रं रचतात. मग लेखक कोण? ‘आँत्र ले म्युर’ला फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत उत्तम रूपांतराचा मान मिळाला. तो काँते, बेगोदो आणि त्यांचे सहलेखक-संकलक रोबँ काँपियो यांच्या नावे. चित्रपटाचा घाट, प्रसंगांची निवड आणि कापाकाप या तिघांची, यात वाद नाही. पण तोंडातले शब्द बरेचसे वर्गाचे, आणि वर्ग श्रेयनामावलीत नट म्हणूनच आहे. ‘सलाम बॉम्बे’त पैशाचा हिशेब त्या मानाने अधिक विचाराने झाला. मुलांना मेहनताना मिळाला, दवाखान्याची सोय झाली, आणि चित्रपटानंतर ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला, जो आजही काम करतो. तरीही मुख्य भूमिका करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला मुलगा पुढे बंगळूरमध्ये रिक्षा चालवत होता, हे वर्तमानपत्रांनी अनेकदा छापलं. त्यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. कार्यशाळा कोणाला नट म्हणून जन्मभराची हमी देऊ शकत नाही. पण मूल नुसतं ‘टिपलं गेलं’ असं एकदा मानलं, की त्याच्या कामाचं मोल ठरवायचं कारणच उरत नाही, आणि इथे ते कौतुकाचं वाक्य निरुपद्रवी राहत नाही.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न दोन बाजूंनी हाताळलेला आहे. पुण्यात १९८६ पासून ‘ग्रिप्स’ आलं, बर्लिनहून. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’सारख्या नाटकांत विषय मुलांचे, बाजू मुलांची, पण मुलांच्या भूमिकेत मोठे नट. मुलांकडून काम काढून घ्यायचा पेचच त्यांनी ठेवला नाही. उलट रत्नाकर मतकरींनी, १९६२ साली ‘बालनाट्य’ संस्था काढून मुलांसाठी नाटकं लिहीत आल्यानंतर, उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. तिथे नाटिका मुलांनीच रचायच्या, आपल्या वस्तीतल्या विषयांवर, आणि मुलांनीच करायच्या. मोठ्यांनी शिबिरं घ्यायची, वाट दाखवायची. लेखक कोण हा प्रश्न तिथे पडत नाही.

सिनेमात तो पडतो, आणि आपल्याकडे त्याला आता कायद्याची एक बाजूही आहे. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक गुंतवता येत नाही, आणि त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. कॅमेऱ्यासमोरच्या तासांचा हिशेब यामुळे ठेवावाच लागतो. मात्र शाळकरी मुलांना घेऊन सहा महिने शिबिरं घेणाऱ्या, त्यांच्या बोलण्यातून संवाद उचलणाऱ्या आपल्या तरुण दिग्दर्शकांनी त्या शिबिरांचे दिवसही मानधनात धरावेत, आणि पटकथेच्या पाटीवर आपल्या नावाखाली मुलांच्या गटाचं नाव घालावं. एका जादा ओळीला निर्मात्याचा फारसा खर्च येत नाही.